आधी भाकरी, मग आडनाव

“नाव राहू दे. आधी पाणी द्या.”

एवढं बोलून ते समोरच्याच्या उंबऱ्यावर बसायचे. घर ओळखीचं असो, नसो. चपला काढून बाजूला जोडून ठेवायच्या, पिशवी मांडीवर घ्यायची आणि माठ कुठे आहे ते नजरेनं शोधायला लागायचं. उभ्या माणसाला दारातून परत पाठवता येतं. बसलेल्याचं काय करणार?

त्यांचं नाव मी सांगणार नाही. ते आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, मीही तेच शिकवतो. सगळे त्यांना सर म्हणायचे, आपणही सरच म्हणू. तुम्ही एव्हाना मनातल्या मनात आडनाव शोधायला लागला असाल. शोधा. सातारा-सांगलीकडच्या माणसाला त्याशिवाय पुढचं वाचताच येत नाही, मलाही आलं नसतं. सरांना या शोधाशोधीचं फार कौतुक होतं. त्यांच्या मते राक्षस ओळखायची तीच खूण.

बी.ए.च्या वर्गाला ते जुनी ग्रीक महाकाव्यं शिकवायचे, म्हणजे खरं तर त्यांतले राक्षस शिकवायचे. युद्ध संपवून घरी निघालेला एक राजा, त्याची गलबतं भरकटतात आणि वाटेत एकेक जण भेटत जातो, एवढी गोष्ट पहिल्या तासाला उरकली की सर थेट गुहेत शिरायचे. राक्षसांची नावंही सांगायचे नाहीत. पोरं परीक्षेच्या भीतीनं विचारायची. “नाव पुस्तकात आहे,” सर म्हणायचे. “आधी तो पाहुण्याला काय वाढतो ते बघा.”

गुहेतला एकडोळ्या त्यांचा लाडका. “गडी वाईट नव्हता रं. मेंढरं वेळेवर घरी आणायचा, कोकरं वेगळी बांधायचा, धारा काढायचा, निम्म्या दुधाचं चीज लावायचा. आपल्याकडं असता तर डेअरीचा चेअरमन झाला असता. चुकला कुठं? घरात परकी माणसं दिसली आणि यानं पहिलाच प्रश्न केला, कोण तुम्ही, कुठले? त्या लोकांत रीत अशी, की पाहुण्याला आधी खाऊपिऊ घालायचं, नाव मागाहून. यानं नाव आधी विचारलं, आणि जेवायला पाहुणाच घेतला. राक्षस उंचीवर ठरत नाही. दारात ठरतो. आता तो एक डोळा कशाला दिलाय त्याला? एका डोळ्यानं आडनाव दिसतं. माणूस बघायला दुसरा लागतो.”

पोरं हे शेवटचं वाक्य उत्तरपत्रिकेत लिहायची आणि बाहेरचे परीक्षक त्याखाली लाल रेघ मारायचे.

स्टाफरूममध्ये हीच विद्या आमच्यावर चालायची. फायली गिळून लहर आली की थोड्या ओकणारा हेडक्लार्क म्हणजे समुद्रातला भोवरा. स्टाफ मीटिंग म्हणजे कड्यावरची ती सहा तोंडांची बाई. जहाज वाचतं, पण प्रत्येक तोंड एकेक माणूस उचलतंच. निरोप समारंभाला भाषणं सुरू झाली की सर हळूच कानांत बोटं घालायचे. बेटावरून गाणाऱ्या त्या गोड गळ्याच्या बायका खलाशांना काही वाईट बोलत नसत म्हणे. तुमचा पराक्रम आम्हाला सगळा ठाऊक आहे, एवढंच गात, आणि माणूस ऐकत ऐकत तिथंच कुजून जाई.

एकदा मी विचारलं, “मी कोण मग?”

सर म्हणाले, “तुम्ही राक्षस नव्हे हो. तुम्ही गुहेच्या तोंडावरचा दगड. स्वभावानं चांगला. फक्त कुणी ढकलल्याशिवाय हलत नाही, आणि तोवर आत माणसं खाल्ली जातात.”

सगळे हसले. मीही हसलो. घरी जाताना स्कूटर बंद पडली, तर त्याचा राग मी त्या वाक्यावर काढला. माझं असं आहे की मला अपराधी वाटायला कारण लागत नाही, आणि बोलायची वेळ आली की खोकला येतो.

सर सांगलीचे. साताऱ्यात खोली मिळेना. दारात नाव विचारलं जायचं, ते सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. आमच्या घराची खालची खोली रिकामी होती. ती मी सुचवली हे खरं, पण सुचवताना सरांना म्हणालो, “वडिलांशी तुम्हीच बोला.”

आमचे आबा सुभेदार म्हणून लष्करातून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी फाटकावर रुजू झाले. गॅसवाला, पोस्टमन, माझे मित्र, कुणीही येवो, आबा आडवे. आडनाव? गाव? कुणापैकी? तिन्ही उत्तरं समाधानकारक असली तर कडी निघायची.

सर आले तेव्हा मी वरच्या खिडकीत होतो. मुद्दामच.

“थांबा. आडनाव?”

“नाव राहू दे. आधी पाणी द्या.” आणि सर फाटकाबाहेरच्या पायरीवर बसले.

“पानी मिळंल की. आडनाव काय?”

“सुभेदारसाहेब, पहाऱ्यावर तुमचं बरोबर आहे. पण हे ठाणं आहे, का घर?”

आबांना आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी मागं वळून घराकडे पाहिलं, जणू खात्री करून घेत होते. “घर हाय,” ते म्हणाले.

“मग पाणी.”

पाणी झालं, चहा झाला. आबांनी कप खाली ठेवून पुन्हा विचारलं. सर म्हणाले, रीत जेवणाची आहे, चहावर नाव सांगत नाहीत. यावर आबांना हट्ट चढला. “आसं व्हय? मग आमीबी इचारणार न्हाई. बगू कोण दमतंय.” त्या झटापटीत खोली ठरून गेली, हे आबांच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. तोवर सर ‘पावणं’ झाले होते.

संध्याकाळी दोघं अंगणात बसायचे. सर गोष्ट सांगायचे, आबा तपासायचे.

“दहा वर्सं लागली घरी यायला? रजेचा अर्ज येळंवर दिला नसंल त्येनं.”

“समुद्र होता, आबा.”

“समुद्र आसूं द्या. वर कळवायचं आसतं.”

सहा तोंडांच्या बाईची गोष्ट मात्र त्यांना पटली. राजाला आधी कळलेलं असतं, की सहा माणसं जाणार. तो खलाशांना सांगत नाही. “न्हाईच सांगायचं,” आबा म्हणाले. “सांगितलं आसतं, तर वल्ही कुणी मारली आसती?” आणि मग बराच वेळ ते चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिले. सरांनी पुढचा राक्षस त्या दिवशी काढला नाही.

घोटाळा झाला तो भाकरीमुळं. सर भाकरी हातात घेऊन मोडायचे आणि कांदा बुक्कीनं फोडायचे. आबांनी त्यावरून परस्पर ठरवून टाकलं, की पावणं आपल्यातलंच, चांगल्या घरातलं, जमीनजुमला असून सांगत नाही इतकंच. एवढ्यावर थांबते तर आबा कसले. कऱ्हाडजवळ माझ्या मामाची मुलगी लग्नाची होती. एका रविवारी मामा जीप घेऊन हजर झाला. आबांनी बेत मोठा केला होता. सरांना काही सांगितलं नव्हतं, पण ताटाभोवतीची रांगोळी पाहून ते मला म्हणाले, “आज कुणाला खायचा विचार दिसतोय.”

जेवणं झाली. मामानं पान जमवलं. आबा खुशीत म्हणाले, “पावणं, आज जेवणबी झालं. आता तरी नावगाव सांगा. पत्रिकंचं बगायचं हाय.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ दिला त्यांनी मला. त्यांचं आडनाव मला पहिल्यापासून ठाऊक होतं, घरात मी ते आधीच सांगू शकलो असतो, निदान मामाचा हेलपाटा तरी वाचला असता. मला खोकला आला.

सरांनी सांगितलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि गल्लीसुद्धा.

आमच्या आळीत चालणारं ते आडनाव नव्हतं. तुम्हाला याहून जास्त कळायची गरज नाही.

मामा उठला. “येतो. एस.टी. चुकंल,” असं म्हणाला आणि जीपमध्ये बसून गेला.

चार दिवसांनी आबा, सरांकडे न बघता, तुळशीला पाणी घालत म्हणाले, “पावणं, खोली लागनार हाय. सोयाबीनची पोती ठिवायची हाईत.”

आमच्या रानात ऊस आहे. सोयाबीन आम्ही कधी केलं नाही. सर नुसतं “बरं” म्हणाले. पुढचा आठवडाभर येता-जाता तेवढं विचारायचे, “आली का पोती?” आवाजात काही नसायचं, म्हणून आबा जास्तच चिडायचे. शेवटी सर गेले, आणि आबांनी बाजारातून स्वतःच्या पैशांनी दोन पोती सोयाबीन विकत आणून त्या खोलीत ठेवलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. बोललेलं खरं करून टाकणं त्यांना सोपं वाटलं.

त्यानंतर सर एकदाच आले, राहिलेली छत्री न्यायला. खोलीत डोकावले. दोन पोती मधोमध, भिंतींपासून अंतर राखून, रांगेत उभी. सर म्हणाले, “आबा, यांना विचारलंत का, आडनाव?”

आबा आत निघून गेले. मला वाटलं, रागानं. थोड्या वेळानं पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले, तर सर वळणापर्यंत गेले होते. आबा तांब्या धरून फाटकात उभे. हाक मारायला हवी होती, पण काय म्हणून मारणार? ‘पावणं’ म्हणायची सोय त्यांनी स्वतःच घालवली होती, आणि नावानं कधी बोलावलं नव्हतं.

मग सरांना उत्तरेत कुठल्याशा विद्यापीठात नोकरी लागली. आमच्या कॉलेजात तो पेपर आता मी शिकवतो. राक्षसांची नावं फळ्यावर व्यवस्थित लिहून देतो.

यंदा सोयाबीनला कीड लागली. पोती उकिरड्यावर गेली. त्या रात्री जेवताना आबा म्हणाले, “त्येचं घर सांगलीत कुठं हाय रं?”

“सर तिथं नसतात आता. आई असते.”

“आईच बगायची हाय.”

मी सरांना फोन केला. सगळं ऐकून ते इतके हसले की फोन कानापासून लांब धरावा लागला. “जावा की. मी आईला एवढंच सांगतो, की दोन माणसं येतील. कोण ते सांगणार नाही.”

“सर, निदान एवढं तरी…”

“नाव मागाहून. आणि तिला तुमचं आडनाव तोंडपाठ आहे बरं का. खोली सोडून आलो तेव्हा ती रडली होती.” फोन ठेवला.

आबांना हे मी सांगितलं. लपवायचं नाही असं ठरवलं होतं. तरीही ते एस.टी.त बसले, इस्त्रीचा सदरा घालून, कंदी पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, “पानी तरी दील का?”

सांगलीत दार सरांच्या आईनंच उघडलं. ठेंगण्या बाई, डोक्यावरून पदर. आबा ताठ झाले. आयुष्यभर दारात उत्तरं मागितलेल्या माणसानं स्वतःची तयार करून आणली होती: नाव, हुद्दा, पलटण, गाव. तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, “पाय धुवा आदी. भाकऱ्या थापतीया, लगीच बसा.”

आम्ही बसलो. वांग्याचं कालवण होतं, शेंगांची चटणी होती. बाई वाढत होत्या, उन्हाचं विचारत होत्या, एस.टी.त जागा मिळाली का म्हणत होत्या. बाकी काही नाही. आबांना परेडला गणवेशाशिवाय उभं केल्यासारखं झालं होतं. प्रत्येक घासाला ते माझ्याकडे बघायचे. पेढ्यांचा बॉक्स त्यांनी पाठीमागं सरकवून ठेवला होता, कारण दिला तर कुणाकडून ते सांगावं लागणार.

“आजून एक घ्या दादा. लाजताय का?”

आबांनी घेतली. ते कधी दोनाच्या वर खात नाहीत.

हात धुऊन झाले. बाई समोर टेकल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “आता सांगा. कुठलं तुमी? नाव काय?”

आबांनी नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. हुद्दा सांगितला, आणि साताऱ्यापाशी येऊन थांबले. बाईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

मी म्हणालो, “खोली आमची. तुमच्या मुलाला आम्हीच काढलं. पोती वगैरे तेव्हा काही नव्हती. यांना शेवटी कळलं, मला पहिल्यापासून माहीत होतं, आणि मी एक शब्द बोललो नाही.”

बाई उठल्या. आमची ताटं उचलली आणि आत गेल्या. आत भांडी जरा जोरात आपटली.

“उठायचं का?” आबांनी हळूच विचारलं.

“बसा,” मी म्हणालो.

मग गॅसच्या लायटरचा आवाज आला. पेटला नाही. पुन्हा आला.

“साकर किती घालू?” बाईंनी आतून विचारलं. आवाज अजून कोरडाच होता.

“घाला तुमच्या मनानं,” आबा म्हणाले, आणि पेढ्यांचा बॉक्स पाठीमागून काढून समोर, उघड्यावर ठेवला.