घसरगुंडीवरची बाई

कोथरूडच्या एका नव्या इंग्रजी शाळेत मुलांच्या प्रवेशासाठी आम्हा पालकांच्याच मुलाखती होत्या. विचारायचं शाळेनं आणि घाबरायचं आपण, असा हा शिक्षणाचा बाजार! सगळे निमूट बसलो होतो. गळ्यात आयटी कंपनीचं ओळखपत्र घातलेली एक बाई मात्र उठली. तिनं सगळे नळ सोडून पाहिले, खिडक्या ढकलून पाहिल्या आणि ती थेट घसरगुंडीवर चढली.

"अहो मॅडम, ती मुलांसाठी आहे!" मुख्याध्यापिका धावल्या.

"म्हणूनच. मी टेस्टिंगला आहे. तपासल्याशिवाय काही पास करत नाही," म्हणत ती घसरली आणि मध्येच अडकली.

मुख्याध्यापिकांनी पाय धरून तिला खाली ओढलं. "अशानं प्रवेश मिळायचा नाही हं."

ओढणी झटकत ती म्हणाली, "घ्यायचा की नाही, ते मी कळवते. आपण बसा."

मुख्याध्यापिका बाकावर बसल्या, हाताची घडी घालून.