व्हॅनवाल्या मावशींचा राग

टायरच्या दुकानात शिरल्या की व्हॅनवाल्या मावशींचा आवाज आपोआप चढायचा. खाडीकाठच्या कोळी घरातल्या या बाई डोंबिवलीत शाळेची व्हॅन चालवत. माझी मुलगी त्यांच्याच व्हॅनने जायची.

माझ्या गाडीचे टायर बदलायचे होते, तेव्हा मी त्यांना सोबत घेऊन कल्याणला गेलो. दुकानदाराने खास सवलत सांगितली. मावशींनी पदराने टायरची कड पुसून तिथले चार आकडे मला वाचायला लावले. पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. "चार वर्सं गोदामात झोपलाय, आनि नवा म्हनून विकतोस?" पुढच्या दुकानात त्यांनी बसवणं, बॅलन्सिंग, वॉल्व्ह सगळं धरून एकच भाव ठरवला, वर जुन्या टायरची किंमत त्यातून कापायला लावली. ताजे टायर मला बरेच स्वस्त पडले.

मध्येच मी रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले टायर विचारले, तर त्या माझ्यावरच उखडल्या. "भाव पाड, पन माल हलका घेऊ नको. माझ्या नवऱ्याच्या शेठनं टेम्पोला हेच घातले होते." शिळफाट्याजवळ पुढचा टायर फुटला आणि नवरा गेला. शेठने नवा टेम्पो घेतला.

पुढे शाळेने ठेकेदाराची बस सुरू केली. महिन्याला थोडे पैसे वाचतात म्हणून मीही मुलीला बसमध्ये घातलं. पालकसभेच्या दिवशी शाळा सुटली आणि मावशी फाटकात बससमोर उभ्या राहिल्या. मागचा टायर इतका झिजला होता की आतली तार दिसत होती, असं त्या ओरडून सांगत होत्या. "आधी पोरं उतरवा."

"धंदा गेला म्हणून चिडल्यात," एक पालक म्हणाले. मला ऑफिस गाठायचं होतं. मी म्हणालो, "मावशी, जाऊ द्या. शाळा बघेल."

"तुझी पोर आत हाय. वाकून बघ तरी."

मी वाकलो नाही. वॉचमनने त्यांना दंडाला धरून बाजूला केलं आणि बस गेली.

दोन दिवसांनी ठेकेदाराने गुपचूप टायर बदलले. मावशींच्या व्हॅनमधली उरलेली मुलंही 'तमाशा नको' म्हणून पालकांनी काढून घेतली. व्हॅन विकून त्या खाडीकाठी भावाकडे राहायला गेल्या.

मी तिथे जाऊन माफी मागितली. त्या सुकट निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माफी मला नको. तू वाकला नव्हतास, हे पोरीला सांग."

मुलगी आता कॉलेजात आहे. मी अजून सांगितलेलं नाही.