डावा पाय कोणाचा

अमेरिकेत, रेडमंडला, त्या हिवाळ्यात माझी पाठ इतकी धरली की खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागे. ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली, "कम्युनिटी सेंटरमध्ये एक चिनी आजोबा शिकवतात. मारामारी नाही गं, नुसतं उभं राहायचं आणि चालायचं. ट्राय करून बघ."

आजोबा ऐंशीच्या पुढचे. त्यांना इंग्रजी जवळपास येत नव्हतं. त्यांची साठीची मुलगी शेजारी उभी राहून भाषांतर करायची. तरुणपणी त्यांनी कुंग-फूच्या एका गुरूकडे वीस वर्षं काढली होती आणि नंतर स्वतःची शैली काढली होती. तिच्यात फटके नव्हतेच. खडूने आखलेल्या वर्तुळावरून, श्वास पोटात ठेवून, अगदी सावकाश चालायचं. शनिवारी सकाळी आम्ही सात-आठ जण. बाहेर पाऊस, आत पावलांचासुद्धा आवाज नाही.

पाठ दोन महिन्यांत सुटली. मी जात राहिले. एका शनिवारी त्यांनी मला मध्येच थांबवलं, माझ्या डाव्या पायाकडे बराच वेळ बघितलं आणि मुलीला काहीतरी म्हणाले. ती जरा अडखळली.

"ते विचारतायत, हा पाय कोणाचा?"

"माझाच," मी हसले.

"नाही म्हणतात. उजवा तुझा. डावा कोणीतरी पुरुष टाकतोय. जड अंगाचा."

मी खाली पावलाकडे बघितलं. बाबा नागपूरला वीज मंडळात लाइनमन होते. खांबावरून पडल्यापासून डावं पाऊल आधी बाहेरच्या कडेवर टेकवायचे, मग टाच. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. इथे मी हे कोणालाच सांगितलेलं नव्हतं. माझ्या चालीत तसं काही आहे, हे तर मलाही ठाऊक नव्हतं.

आजोबांनी मला बाकावर बसवलं. मुलगी सांगत गेली. गुरू वारल्यावर यांच्या लक्षात आलं की वर्तुळात उतरलं की आपण चालत नाही, गुरूच चालतात. म्हणून यांनी एकेक पाऊल मोडून नव्याने बसवलं. "लोक म्हणतात, शैली काढली. ते म्हणतात, मी फक्त एका माणसाला बाहेर काढलं."

"मग गुरू गेले का बाहेर?" मी विचारलं.

आजोबा वर्तुळात उतरले. दोन पावलं त्यांचीच होती. तिसऱ्याला खांदे रुंद झाले, मान पुढे आली, आणि मी कधीच न पाहिलेला एक माणूस हॉलमधून चालू लागला. लाकडी फरशी करकरली. एरवी त्यांच्या पायाखाली ती कधी वाजत नसे. मुलीने तोंड फिरवलं आणि चिनीत काहीतरी दटावून म्हणाली. ते थांबले तेव्हा घामाने निथळत होते. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला.

मग मुलीकरवी त्यांनी विचारलं, "तुझ्या पायातून काढायचं का त्यांना? वर्ष लागेल, पण जमेल."

व्हिसाच्या भानगडीत मला बाबांना शेवटचं बघायलाही जाता आलं नव्हतं.

"राहू दे," मी मराठीतच म्हणाले. मुलीला भाषांतर करावं लागलं नाही.

त्यानंतर त्यांनी माझा डावा पाय कधी सुधारला नाही. क्लास सुरू करताना ते प्रत्येकासमोर एकदा वाकतात, माझ्यासमोर दोनदा. दुसऱ्या वेळी त्यांची नजर माझ्या डाव्या खांद्यामागे, जरा उंचावर असते. हल्ली माझ्या त्या बाजूला कोणी उभं राहत नाही. तसं कोणी कोणाला सांगितलेलं नाही.