वाटूर फाट्यावरचं सोंगाड्याचं हाटेल

आता सांगते त्यातला एक शब्दबी खरा मानून दाखव, तर मी तुला मानते! कालिजात धंद्याचं शिकून राह्यली म्हन तू. अन् मला इचारती, कलाकाराला धंदा जमला कसा? बस मंग, पोरी. हाटेलात खरकटं साचतं ना, तसे आमच्याकडं किस्से साचतेत. रोज धुवा, दुसऱ्या दिवशी तेवढेच!

आमच्या तमाशाच्या पार्टीत तिघंच उरल्तो. नामा सोंगाड्या, बबन ढोलकीवाला अन् गानारी मी, कौसाबाई. गावोगावच्या सुपाऱ्या डीजेनं खाल्ल्या. मंग इथं पत्र्याचं हाटेल टाकलं. नामाची बायको सरू, तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, "दसऱ्यापर्यंत चाललं तर चाललं. न्हाई तर मुकादमाच्या ट्रकात बसायचं अन् ऊस तोडायला जायचं."

कोयता धरून बबनच्या ढोलकीच्या बोटांचं काय व्हईल? त्यानं बोटं खिशात घातली.

* * *

पहिल्या दिवशी गिऱ्हाईकच न्हाई! नामा म्हन्ला, "रिकाम्या मंडपात कोन येतं? आधी आपनच बसू."

सकाळी फेटा बांधून बसला. दुपारी कोट घालून. मंग लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन! तव्हा कुठं एक ट्रकवाला आत आला. त्यानं पदरवालीला इचारलं, "मावशी, भजे कसे हायेत इथले?"

नामा बारीक आवाजात म्हन्ला, "लई झक्कास, दादा. मी तर सकाळपासून उठलेच न्हाई!"

ट्रकवाल्यानं दोन प्लेटी हानल्या. जाता जाता माझ्या कानात म्हन्ला, "भजे चांगले हायेत. पर मावशीला म्हना, दाढी करत जा!"

* * *

बबन भजे तळायचा. आता ढोलकीवाल्याच्या हातात झारा दिला, तर तो गप बसतो का? कढईवर ठेकाच सुरू! एक दिवस यष्टी आली अन् स्टॉप सोडून बराबर आमच्या दारात उभी राह्यली. कंडक्टर वरडला, "इथं काहून थांबवली?"

डायवर म्हन्ला, "मी कुठं थांबवली? पायच थांबला!"

* * *

एक गुरुजी भजे खाऊन लई खूश झाले. म्हन्ले, "वा नामदेवराव! वन्समोर!"

आता आमच्या लायनीत वन्समोर म्हंजे काय? पयल्यापासून! नामानं प्लेट उचलली. टेबल पुसलं. गुरुजीला हात धरून भाईर नेऊन उभं केलं. अन् म्हन्तो कसा, "या या गुरुजी! लई दिवसांनी आलात!"

* * *

मंग समोर काचेचं हाटेल झालं. एसीवालं. झालं, आमच्याकडं माशाबी येईनात. सरू कोयत्याला धार लावून ठेवू लागली. बबननं ठेका सोडला. भजे नुसतेच तळायचा, मुक्यावानी.

अशात एक म्हातारबाबा आला. एकटाच. नामानं फेटा बांधला, पुढं जाऊन मुजरा केला, पानी दिलं, नकला केल्या. बाबा हसून हसून ठसकला. तो गेला तशी सरू कडाडली, "एका मानसासाठी एवढा तमाशा?"

नामा म्हन्ला, "पडदा उघडला की उघडला. पुढं पाच हायेत का पाचशे, आपन पाहायचं न्हाई."

* * *

दसरा आला. दुपारी मुकादमाचा ट्रक दारात. आत मानसं, भांडीकुंडी, कोयते. मुकादम म्हन्ला, "चला, बसा जल्दी!" सरूनं गाठोडं उचललं.

तेवढ्यात तीन जीपा थांबल्या. माहूरवरून येऊन राह्यले लोकं, नवरात्राचे उपास सुटलेले, पोटात कावळे! अन् पुढच्या जीपमधून कोन उतरलं? तोच म्हातारबाबा! म्हन्ला, "तो फेटेवाला कुठंय? साऱ्या भावकीला दाखवायला आनलंय!"

नामानं फेटा बांधला. बबननं झारा घेतला, अन् कढई बोलाया लागली! ठेका ऐकून ट्रकातले लोकंबी खाली उतरले. खुर्च्या पुरंनात. मी समोरच्या काचेच्या हाटेलात गेले. म्हन्लं, "शेठ, तुमच्या रिकाम्याच हायेत, चार द्या!" बिचाऱ्यानं दिल्या.

सरूला कांदा चिरायला विळी सापडंना. तिनं तो धार लावलेला कोयताच घेतला!

मुकादम दारात उभा. "अहो, ट्रक... ऊस... उशीर..." आमच्या पार्टीत रिवाज हाये. विंगेत जो उभा दिसंल, त्याला स्टेजवर ढकलायचं. नामानं त्याच्या खांद्यावर फडकं टाकलं. "एन्ट्री तुमची!" अन् दिला ढकलून.

दिवस मावळला तव्हा मुकादम कपबश्या इसळून हात पुसत बसल्ता. मीच इचारलं, "काय मुकादम, निघायचं का ऊसाला?"

त्यानं बबनकडं पाह्यलं. कढईकडं पाह्यलं. मंग खाल मानेनं म्हन्ला,

"कौसाबाई, उद्या किती वाजता येऊ?"

जा आता. ऊठ! भाईर जीप थांबून राह्यली, तुझी खुर्ची लागंल.