मामीच्या गावाचे दोन जन्म

जगातली बाकीची गावं एकदाच वसली. माझ्या मामीचं गाव मात्र दर आठवड्याला नव्याने वसतं. मामी कोकणातल्या एका कोळीगावाची. मामा तरुणपणी तिकडच्या बर्फाच्या कारखान्यात नोकरीला होता, तो परतवाड्याला येताना तिला घेऊन आला. वर्षभरात मामीची बोली अस्सल वऱ्हाडी झाली, ठेच्याशिवाय घास उतरेना. पण मन काही घाट चढून वर आलं नाही. बाजारात धरणातला कटला पुढे आला, की ती विचारते, "हा मासा हाय का पान्यातला भोपळा?" आणि नाक मुरडत तोच घेते. नारळी पौर्णिमेला सापन नदीत नारळ सोडते. सापनचं पाणी पूर्णेत, पूर्णेचं तापीत आणि तापीचं समुद्रात जातं, हे तिने शेजारच्या भूगोलाच्या सरांकडून पक्कं करून घेतलं आहे. मधल्या धरणांचा विषय काढलेला तिला खपत नाही.

गावाच्या जन्माच्या कथा दोन. मामीचे वडील वरच्या आळीचे. त्यांच्या मते फुटलेल्या गलबताच्या डोलकाठीला धरून सात भाऊ किनाऱ्याला लागले आणि गाव वसलं. आई खालच्या आळीची. तिच्या मते जाळ्यात देवी आली, जाळं हलेना, म्हणून माणसंच तिथे राहिली. ज्यांची कथा खरी, त्यांचा पहिला नारळ; त्यामुळे दर नारळी पौर्णिमेला गावात भांडण ठरलेलं. मामी सोमवारी सात भाऊ पोहत आणते आणि शुक्रवारी देवीला वर काढते, दोन्ही वेळा डोळ्यांनी पाहिल्यासारखी. मामाने एकदा खोड काढली, "सात भाऊ आले, तं बायका कुठून आनल्या?" मामी भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी मले आनलं, तशाच."

गेल्या उन्हाळ्यात मी परतवाड्याला मामाकडे असताना तिच्या भाच्याचा फोन आला. बंदरावर गावाच्या नावाचा दगड बसवायचा होता, त्यावर कथा कोरायची होती, आणि दोन्ही आळ्यांची माणसं एकाच फोनभोवती बसली होती. "आत्या, दोन्हीकडचं रक्त तुझ्यातच आहे. तू सांगशील ते कोरू." एका आळीचं नाव घेतलं, की दुसरीकडचं माहेर तुटणार, हे मलाही कळत होतं. मामीने पदराने तोंड पुसलं. एरवी न विचारता अख्खं गाव वसवणारी बाई, आज फोन या कानाचा त्या कानाला करत राहिली.

"मले काय मालूम बाबू," ती अखेर म्हणाली, "मी तं परतवाड्याची बाई."

तिने फोन ठेवला. मी हळूच विचारलं, "मामी, मग खरी कथा कोणती?"

"मायनं सांगतली ते खरी. बापानं सांगतली तेबी खरी. मी कोनाले खोटं पाडू?"

मला फार वाईट वाटलं. परतवाडा हेच आपलं गाव आहे, असं मामीने एकदा तरी म्हणावं, म्हणून मामा लग्नापासून तिच्या मागे लागला होता. आज तिने ते म्हटलं, तेव्हा तो शेजारीच बसला होता. उठून आत गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासाठी चहा मांडला.