मोठीचा दाखला
लेकीचं नाव शाळेत घालायचं म्हणून परवा तिचा जन्मदाखला पेटीतून काढला आणि डांबरगोळ्यांचा वास आला. मला सोनाळ्याच्या शाळेत घातलं त्या दिवशी आईच्या साडीला हाच वास होता. मी संत्र्याच्या बागेतल्या खोपीत जन्मले, माझी नोंद कुणी केलीच नव्हती. व्हरांड्यातल्या टेबलाशी आईनं पदराआडून एक जुना कागद काढला. तो माझ्या मोठ्या बहिणीचा दाखला होता. ती वर्षाची असतानाच तापानं गेली होती. गुरुजी कागदावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “पोरगी सात वर्षांची दिसत नाही, बाई.” “अंगानं बारीक हाय जी,” आई म्हणाली. त्यांनी रजिस्टरात बहिणीचं नाव लिहिलं. बाहेर निंबाखाली आई थांबली. “आता शाळेत तुले याच नावानं बोलावतीन. हाक मारली का हाव म्हनजो,” असं सांगून तिनं ते नाव घेतलं. तिच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी मोठ्यानं “हाव” म्हटलं. आई तिथंच मातीत बसली आणि मला छातीशी धरून रडत राहिली. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. परवा लेकीच्या फॉर्मवर आईच्या नावाच्या रकान्यात मी मोठीचंच नाव लिहिलं. माझ्या नावानं मला हाक मारणारी एकटी आईच उरली होती, तिला जाऊनही आता तीन वर्षं झाली.