ठिपक्यांच्या शेजारची टेकडी

आमचं गाव परभणीकडं. आठवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, आणि नवऱ्याला बर्फाच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून रत्नागिरीत आले. तोवर समुद्र पाहिला नव्हता, बांगडाही नाही. इथं बंदरावर मासळीचा अभ्यास करणाऱ्या एक मॅडम आहेत. त्यांच्याकडं मासे मोजायला लागले. टोपलीतला बांगडा पट्टीवर ठेवायचा, लांबी सांगायची. पुढं त्यांनीच मला कॉम्प्युटरसमोर बसवलं, कोड लिहायला शिकवलं. हे मी जन्मभर विसरणार नाही. पण कोड चुकून स्क्रीनवर लाल अक्षरं आली की वाटायचं, आता मॅडम मला परत टोपलीकडं धाडणार.

एका महिन्यात मोजलेल्या बांगड्यांचा आलेख मी केला. आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर लांबी, प्रत्येक बांगड्याचा एक ठिपका.

"छान," मॅडम म्हणाल्या. "पण ठिपक्यांवर ठिपके बसलेत, गर्दी कुठं आहे कळत नाही. उजवीकडं लांबीच्या घनतेचा आलेख लाव, वळवून. उद्या मच्छीमारांच्या बैठकीत दाखवायचंय. तुला नाही जमलं तर मुंबईहून करून मागवते."

मी लगेच कामाला बसले.

घनतेचा आलेख म्हणजे टेकडीसारखी रेघ. ज्या लांबीचे मासे जास्त, तिथं ती उंच. मी टेकडी काढली, तिचा स्क्रीनशॉट घेतला, मोबाइलवरचा फोटो फिरवतात तसा उजवीकडं फिरवला आणि ठिपक्यांशेजारी चिकटवला. झकास दिसत होतं!

मॅडमनी हसू दाबलं. "अगं, बारके बांगडे वर गेले की, आणि मोठे खाली!"

"मग डावीकडं फिरवते."

"मग टेकडी ठिपक्यांच्या अंगावर येईल. चित्र नको फिरवूस. कोडमध्ये लांबी आडव्या अक्षाला दिलीयस, ती उभ्या अक्षाला दे."

एक्सच्या जागी वाय लिहिलं, आणि टेकडी आपसूक कुशीवर वळली. तरी तिचा उंचवटा गर्दीच्या समोर येईना. दोन्ही आलेखांच्या उभ्या मोजपट्ट्या वेगळ्या होत्या. त्या मी एकसारख्या केल्या. हे मात्र कुणाला न विचारता.

बैठकीत चित्र भिंतीवर उमटलं. पुढं बसलेल्या मासेवाल्या मावशींनी बोट दाखवलं, "काय गो, ह्याचं पोट कशानं सुटलंय?"

सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "हिला विचारा. चित्र हिचं आहे."

मी उठले. "मावशी, पोट जिथं सुटलंय ना, तेवढ्या लांबीचा बांगडा सगळ्यात जास्त आला बघा. बारकाच हाय."

मावशी मागं बसलेल्या मच्छीमारांकडं वळल्या. "ऐकलंत? मी रोज सांगते, जाळ्यात पोरं येतायत!" मग मला म्हणाल्या, "तुझं बोलणं देशावरचं, पण कळतं हो. पुढच्या महिन्याचंपण तूच दाखव."

मी घाबरून मॅडमकडं पाहिलं.

"दाखवेल की," त्या म्हणाल्या. "आता ते काम तिचंच."

मी बसायचंच विसरले. भिंतीकडं बघत उभी राहिले.